तंगूस

गेल्या मे महिन्यात बाबा देवगडहून चँडलरला आले तेव्हा मला एकच काळजी होती. ७२ वर्षांचे आजोबा आणि ९ वर्षांचा नातू बोलणार कशावर? लेकाला मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. एम.ए. करून पाच वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांना मराठी शिकवलं, हे अशा वेळी कोणाला सांगायची लाज वाटते.

वाट सापडली ती गॅरेजमध्ये. हिवाळ्यात आपल्या व्हेटरन्स ओएसिस पार्कच्या तळ्यात ट्राउट सोडतात, तेव्हा घेतलेली गळाची काठी तिथे उभी होती. बाबांनी रिळावरची दोरी दोन हातांत धरून हिसका दिला. कच्च्या सुतासारखी तुटली.

"ह्यो तंगूस उन्हान सडलो."

"व्हॉट इज तंगूस?" लेक.

नायलॉनच्या दोरीला कोकणात तंगूस म्हणतात. ऊन आणि उष्णता तिला खातात. २०२३ मध्ये आपल्याकडे सलग ३१ दिवस दिवसाचा कमाल पारा ११० अंशांखाली राहिला नाही; त्या गॅरेजात दोरी काय टिकणार?

जूनमध्ये कोलोरॅडोच्या ब्लू मेसा जलाशयावर जायचं ठरलं, कोकॅनी पकडायला. "कोकणी?" बाबा एकदम खूश. हा सामनच, पण समुद्राचं तोंड न पाहता जन्मभर तळ्यात राहणारा. (रावसाची हौस आपण इथे सामनवर भागवतो खरी, पण त्या दोघांचं काही नातं नाही.)

मग तीन आठवडे घरात दोरीवरून वाद. बोट संथ चालवत मागून गळ ओढत न्यायचा, तर नवऱ्याच्या मते विणलेली दोरीच हवी. तेवढ्याच ताकदीला ती तंगुसापेक्षा कितीतरी बारीक, पाण्याचा विरोध कमी, गळ खोल जातो. उन्हाळ्यात कोकॅनी थंड पाण्यासाठी खाली जातो, म्हणजे मुद्दा बरोबर. शिशाचा गाभा असलेली दोरीही मिळते. तिचा रंग दर दहा वारांवर बदलतो, किती सोडली ते मोजता येतं. ती लेकाला रंगांसाठी हवी होती. बाबांचं म्हणणं एकच: ताणली न जाणारी दोरी मासा फाडते.

दुकानातून विणलेलीच आली.

साडेसात हजार फुटांवरच्या त्या निळ्या पाण्यात सकाळी सहाला भाड्याची बोट काढली. गळाला पांढऱ्या मक्याचे दाणे. पहिली काठी वाकली, थरथरली आणि सैल पडली. दुसऱ्यांदाही तेच. कोकॅनीचं तोंड फार नाजूक. बोट पुढे ओढते, मासा मागे, आणि दोरी जराही लवत नाही. गळ ओठ फाडून सुटतो.

बाबांनी पिशवीतून तंगुसाचं रीळ काढलं. विणलेल्या दोरीच्या टोकाला पंधरा फूट तंगूस जोडायचा, म्हणजे खोलीही मिळते आणि ताणही. पण गाठ त्यांना बांधता येईना. एकेकाळी तर्जनीवर दोरी ठेवून मासा टोचतोय की नुसतं हुंगतोय ते सांगणारा माणूस. साखरेने बोटांची जाणीव नेली, हे मला त्या बोटीत कळलं. फोनवर कधी बोलले नव्हते.

"तू बांध," ते नातवाला म्हणाले. "आधी थुकीन भिजव, मगे आवळ." कोरडी गाठ आवळताना घासून तापते आणि तिथेच कमजोर होते. लेकाने गाठ सरळ तोंडात घातली. मी काही बोलले नाही.

तासाभराने काठी वाकली आणि वाकलेलीच राहिली. बाबांनी रीळ हातात घेतलं, पण दोरी सैल पडतेय की ताणतेय ते त्यांच्या बोटांना कळेना. लेक दोरीवर बोट ठेवून ओरडत होता, "आता नको! आता ओढ! आजोबा, हळू ओढ!"

'ओढा' म्हणायचं असतं. त्या दिवशी मी दुरुस्त केलं नाही.

हातभर मासा, चांदीसारखा, हातात घेतला की खवले चिकटणारा. रात्री मीठ, हळद, तिखट लावून तळला. बाबा म्हणाले, "बरो आसा. पण बांगडो नाय."

नवीन रीळ आता गॅरेजात नाही. माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या मागे, अंधारात. बाबा फोनवर आधी त्याची चौकशी करतात, मग माझी.