तपकिरी रंगाविषयी वसुधाला



पोटॅशिअम आयोडाइडच्या द्रावणात क्लोरीनचे पाणी घातल्यावर जांभळ्याऐवजी तपकिरी रंग आला, म्हणून प्रयोग फसला असे समजून वसुधाने परीक्षानळी ओतून टाकली आणि फळ्यावर पुस्तकातले समीकरण उतरवून दिले, हे तिच्या पत्रात वाचून फार वाईट वाटले. प्रयोग फसलाच नव्हता. क्लोरीनला इलेक्ट्रॉनची ओढ आयोडीनपेक्षा अधिक, त्यामुळे आयोडाइड आयन, म्हणजे एक इलेक्ट्रॉन जादा असलेला आयोडीनचा अणू, तो इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन मोकळा होतो आणि अशा दोन अणूंचा रेणू बनतो. यालाच विस्थापन म्हणतात. मात्र हा आयोडीन उरलेल्या आयोडाइडशी जोडला जाऊन ट्रायआयोडाइड नावाचा आयन होतो, आणि पाण्यात त्याचा रंग तपकिरीच दिसतो. त्याच नळीत थोडे हेक्झेन घालून हलविले असते, तर वर तरंगणाऱ्या थरात हवा तो जांभळा रंग मुलांना दिसला असता. क्लोरीन फार झाला, तर आयोडीनचे रंगहीन आयोडेट होऊन आलेला रंगही जातो, हेही तिने ध्यानात ठेवावे.

क्लोरीन, आयोडीन यांसारख्या मूलद्रव्यांच्या क्रियाशीलतेचा क्रम मुलांकडून घोकून घेण्याची तिची सवय जुनीच आहे. कितीदा सांगून झाले! फ्लोरीन त्या क्रमात सर्वांत वर, पण तो पाण्याशीच अभिक्रिया करतो, म्हणून पाण्यातल्या द्रावणात हा प्रयोग त्याच्याकडून होत नाही; घोकलेल्या क्रमात हे कोठे दिसते? नाव आधी ठरवून रंगाकडे पाहिले, की हातात आलेला पदार्थही निसटतो. 1826 मध्ये फ्रान्समधील मोंपेल्ये येथे रसायनज्ञ बालार याने मीठ काढून उरलेल्या खाऱ्या पाण्यात क्लोरीन सोडून ब्रोमीन हा द्रव मोकळा केला. लीबिगसारख्या रसायनज्ञाकडे तो द्रव आधीच येऊन गेला होता, पण त्याने तो आयोडीनचे क्लोराइड समजून बाजूला ठेवला होता.

क्लोरीनचे पाणी कोठून आणले, ते मात्र पत्रात नाही. ब्लीचिंग पावडरवर आम्ल टाकून ते शाळेच्या मागच्या खोलीतच केले असेल, तर क्लोरीन वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि श्वासनलिकेची आग करतो. तिची छाती लहानपणापासून नाजूक, आणि पुढची मुले तर खालीच बसतात. त्या खोलीची खिडकी आता उघडते का, हे उलट टपाली कळवावे.