दुसरा दांडा

जुन्नर-आंबेगावात पिकअपला तोटा नाही. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या मार्केटला त्यांची रांग लागते. पण बहुतेक गाड्या मागच्या दोन चाकांच्या जोरावर चालणाऱ्या. डिंभे धरणाच्या वर, आहुप्याकडच्या वाड्यांना पावसाळ्यात तेवढ्यानं भागत नाही. म्हणून आमच्या नानांनी जुनी फोर बाय फोर घेतली. गिअरशेजारी तिला दुसरा, आखूड दांडा.

नाना म्हणायचे, "चिखल दिसला की टाकायचा. रुतल्यावर नाय." कारण पुढच्या चाकांचे लॉक खाली उतरून हातानं फिरवायचे, ते गुडघाभर राड्यात कोण चाचपणार? लॉक लावून दांडा टाकला की चारही चाकं ओढ घेत.

डांबरी लागली की मात्र नाना लगेच टू व्हीलवर येत. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक जरा घसरतं, हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर तो मिटत नाही. टायर घासतात, गिअरांवर ताण येतो, दांडा अडकून बसतो. मग गाडी सरळ थोडी मागं घ्यायची, की सुटतो.

"उताराला माज नको," ते बजावत. "चाकं चार ओढतात, पण ब्रेक तोच हाय."

भातलावणीत एखादी बाई अडली, तर घोडेगाव गाठायला हीच गाडी. वाडीतल्या म्हाताऱ्यांना दांड्याचं काही ठाऊक नव्हतं. पावसानं जोर धरला की त्या एवढंच विचारायच्या, "नानाची गाडी घरी हाय ना?"