नाल्याच्या डोहातील मासोळी

गेल्या हिवाळ्यात १९९८ च्या दहावीच्या तुकडीतील आम्ही चौघे वर्गमित्र वरठीला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलो, ते थेट शेवटच्या स्थानकावर, कोल्हापूरला उतरलो. तेथून एस.टी.ने आजऱ्यावरून आंबोली. एवढा प्रवास एका बोटाएवढ्या मासोळीसाठी केला, हे घरच्यांना सांगताना आम्हांस थोडा संकोचच वाटला होता.

आंबोलीला हिरण्यकेशी नदी एका गुहेतून उगम पावते. गुहेशी महादेवाचे मंदिर आहे आणि पुढे कुंड. या कुंडात व लगतच्या प्रवाहात राहणाऱ्या माशाचे वर्णन प्रवीणराज, तेजस ठाकरे आणि बालसुब्रमण्यन यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केले व नदीवरून त्याला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असे नाव दिले. गावकरी मात्र त्याला आधीपासूनच ‘देवाचा मासा’ म्हणत. मासेमारीमुळे तो नष्ट होऊ नये म्हणून २०२१ मध्ये राज्य शासनाने मंदिर परिसरातील २.११ हेक्टर क्षेत्र जैविक वारसा स्थळ म्हणून घोषित केले. आपल्या वसतिगृहातील मुलांना कल्पना यावी म्हणून सांगतो : ते क्षेत्र सव्वापाच एकरांच्या आतबाहेर होते, एखाद्या धानाच्या बांधीवाल्या शेतकऱ्याची सारी जमीन.

आम्ही कुंडाच्या पायऱ्यांवर बराच वेळ बसलो. हा मासा तळाशी, गोट्यांच्या आडोशाने राहतो. पाण्यात प्राणवायू भरपूर असेल तरच जगतो. एकदा एक सावली गोट्याखालून निघून दुसऱ्या गोट्याखाली गेली. तोंडाजवळच्या मिशा दिसल्या असे आमच्यापैकी एकाला वाटले. बाकीच्यांनी वाद घातला नाही.

वाद न घालण्याचे कारण चौघांनाही ठाऊक होते. आम्ही नववीत असताना, उन्हाळ्यात, वसतिगृहामागचा नाला आटून एकच डोह उरला होता. त्यात दगडाखाली राहणाऱ्या अशाच मिशावाल्या, पट्ट्यापट्ट्यांच्या मासोळ्या होत्या. विहिरीसाठी आणलेली ब्लिचिंग पावडर आम्ही डबाभर चोरली आणि डोहात टाकली. त्याच सकाळी वंदनेत पंचशील म्हणून आलो होतो. अर्ध्या तासात पाणी पांढुरके झाले आणि मासोळ्या उताण्या तरंगू लागल्या. खाण्याजोग्या त्या नव्हत्याच. ढिवर कुटुंबातून आलेला आमचा एक सोबती तेवढा काठावर उभा राहिला. म्हणाला, “माझी आजी हिला ओळखते, हिचं वेगळं नाव आहे.” त्याने नाव सांगितले आणि त्या शब्दाला आम्ही खदखदून हसलो. पुढच्या पावसाळ्यात नाला दुथडी वाहिला; मासोळी पुन्हा दिसली नाही.

ती दुर्मीळ होती की इतरत्र ढिगाने होती, हे आता कोण सांगणार? भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. कोहळ्यांनी बांधलेले मालगुजारी तलाव, गावोगावच्या बोड्या, आणि त्यांतील मासळीवर जगणारी ढिवर माणसे. पुढे तलावांत रोहू, कटला, मृगळ यांचे बीज पडले, गवत्या मासा आला आणि पाणवनस्पती फस्त करू लागला; काठाने बेशरम माजली. १९८८ मध्ये गोसीखुर्दचे भूमिपूजन झाले आणि कालांतराने वैनगंगेचे वाहते पाणी धरणामागे थांबले. विकायला मोठा मासा हवा, हे पोटाचे गणित आम्ही नाकारत नाही. परंतु बारीक मासळीची मोजदाद बाजाराच्या काट्यावर होत नसते, आणि जिचे नाव कुठेच लिहिलेले नाही ती नाहीशी झाल्याचीही नोंद होत नाही. अलीकडे भंडारा-गोंदियातील काही गावांत ढिवर स्त्रिया तलावातील बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावतात. ते काम आम्ही उशिरा पाहिले.

परतताना गाडीतून आम्ही त्या सोबत्याला फोन लावला. दहावीनंतर तो मासेमारीतच राहिला आहे. डोहाची गोष्ट त्याला आठवत होती. नाव मात्र आठवेना. आजी जाऊन वीस वर्षे झाली. त्याने आईला विचारून पाहिले. “नाव जिभेवर येत नाही म्हणते,” तो म्हणाला, “पण मासोळी दाखवली तर ओळखीन म्हणते.”

वरठी येईपर्यंत आम्ही फारसे बोललो नाही. येत्या उन्हाळ्यात नाल्याच्या वरच्या अंगाचे डोह पाहायला पाचही जण जायचे, एवढे ठरले आहे. त्याच्या आईला बरोबर नेणार आहोत.