विद्येच्या घरातील दारूचे कोठार

बिदरला पाहुणा आला की त्याला किल्ला आणि महमूद गवानाचा मदरसा दाखविण्याचे काम आमच्याकडे येते. २०२५ च्या पावसाळ्यानंतर मात्र आम्ही घरच्याच माणसाला, आमच्या भाच्याला, घेऊन तेथे गेलो. तो सैन्यात आहे. रजेवर आला होता. त्या वर्षीच्या मे महिन्यातील चार दिवस आम्ही कसे काढले, हे त्याला सांगण्याचा धीर तोवर घरात कोणालाच झाला नव्हता.

७ ते १० मे या दिवसांत भारत आणि पाकिस्तान यांच्यात क्षेपणास्त्रे व ड्रोन यांचा मारा चालू होता. भाच्याचा फोन लागत नव्हता. धाकटी बहीण भालकीहून आमच्याकडे येऊन राहिली होती आणि देवघरापुढून उठत नव्हती. तिसऱ्या रात्री तिने विचारले, "दादा, अणुबॉम्ब त्यांच्याकडे आहे, आपल्याकडेही आहे. मग आता पुढे काय?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. आठवले ते १९९८ च्या मे महिन्यातील पेढे. पोखरणच्या चाचण्यांची वार्ता आली तेव्हा ते आम्हीच गल्लीत वाटले होते. त्या आनंदाची आम्हांला आजही लाज वाटत नाही. पण बहिणीचा प्रश्न त्या दिवशी आमच्या मनाला शिवलाही नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

मदरशाची हकीगत वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान याने १४७२ साली ही वास्तू उभारली. तीन मजले, विद्यार्थ्यांच्या खोल्या, मोठा ग्रंथसंग्रह. १४८१ साली त्याच्या वैऱ्यांनी त्याच्या शिक्क्याचे एक खोटे पत्र तयार करून सुलतानापुढे ठेवले. सुलतान मद्याच्या अमलाखाली होता. शहानिशा न करता त्याने वजिराचा शिरच्छेद करविला. पुढे सत्य कळून तो हळहळला. परंतु शिर परत येत नाही. दोनशे वर्षांनी, मोगली अमलात, याच मदरशात घोडेस्वार राहू लागले आणि काही भागात बंदुकीची दारू साठविली गेली. सतराव्या शतकाच्या अखेरीस ती भडकली. वीज पडून पेटली असे सांगतात. एक मनोरा आणि इमारतीचा मोठा भाग कोसळला. उरलेला मनोरा अजून उभा आहे.

त्या भग्न बाजूपाशी भाचा बराच वेळ थांबला. मग म्हणाला, "मामा, पहाऱ्यावरच्या माणसाला हे ठाऊक असतं. कोठार उडायला शत्रूच यावा लागतो असं नाही."

त्या वाक्याने आमच्या विचाराला दिशा दिली. खोटी वार्ता, घाईचा हुकूम आणि नुसता साठा, या तीन गोष्टींनी हे विद्येचे घर आणि ते बांधणारा असे दोघेही गेले. अण्वस्त्रांच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी आजही जागच्या जागी आहेत. २६ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत यंत्रणेने अमेरिकेची क्षेपणास्त्रे निघाल्याचा इशारा दिला. कामावरील अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव याने तो खोटा मानला आणि तो खोटाच निघाला. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने यंत्र फसले होते. दूर कशाला, ९ मार्च २०२२ रोजी आपलेच एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ पडले. त्यावर स्फोटके नव्हती, जीवितहानी झाली नाही. चौकशीअंती हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले. तेच मे २०२५ मधील एखाद्या रात्री घडले असते तर?

कोणी म्हणेल, हे प्रश्न दिल्लीचे. सीमाभागातील मराठी घरांना त्यांचे काय? पण बिदरच्या आकाशात हवाई दलाची प्रशिक्षण विमाने रोज घुमतात. आणि २००९ पर्यंत गुलबर्गा जिल्ह्यात असलेल्या, आता यादगीर जिल्ह्यात मोडणाऱ्या गोगी येथे, भीमेच्या खोऱ्यात, युरेनियमचा साठा सापडला आहे. पंढरीची चंद्रभागा ती हीच भीमा. प्रश्न आमच्या पायांखालीही आहे.

आपण एकट्यानेच शस्त्र टाकावे, असे आमचे म्हणणे नाही. शेजारी कोण आहेत हे सैनिकाच्या घराला शिकवावे लागत नाही. १९६८ चा अण्वस्त्रप्रसारबंदी करार पाच राष्ट्रांना एक न्याय व इतरांना दुसरा लावतो, म्हणून भारताने त्यावर सही केली नाही, हेही आम्हांला पटते. पण त्या पाचांनी निःशस्त्रीकरणाकडे जाण्याचे जे वचन त्याच करारात दिले, ते त्यांच्याकडून मागत राहणे हे आपले काम आहे. हे अशक्य नव्हे. १९८६ च्या सुमारास जगात सुमारे ७०,००० अण्वस्त्रे होती. आज ती सुमारे १२,००० आहेत. १९८८ साली राजीव गांधींनी संयुक्त राष्ट्रांपुढे २०१० पर्यंत ती नाहीशी करण्याची योजना मांडली होती. मुदत टळली, मागणी टळलेली नाही.

घराजवळही करण्यासारखे पुष्कळ आहे. परस्परांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार दोन्ही देशांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला आणि १९९२ पासून दर १ जानेवारीला अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देण्याचा प्रघात पडला. कारगिलच्या युद्धानेही तो मोडला नाही. २००५ च्या करारानुसार बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांची आगाऊ सूचना दिली जाते. ब्रह्मोससारखी क्रूझ क्षेपणास्त्रे मात्र त्यात नाहीत. तीही त्यात यावीत. प्रथम वापर न करण्याचे आपले २००३ चे धोरण ढळू नये, आणि पाकिस्ताननेही तसे वचन द्यावे, हा आग्रह सुटू नये.

बिदरच्या नावाशी आणखी एक कोठार जोडलेले आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बिदरच्या बादशहाचे धान्याचे कोठार भुकेल्यांसाठी उघडले, ही कथा प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. मुलांना ती सांगताना त्यांना एकदा मदरशाचा पडका मनोराही दाखवावा, असे आम्हांला वाटते.

भाचा कामावर परतला. बहिणीने दशम्या बांधून दिल्या. त्या रात्री आम्ही आमच्या लोकसभेच्या प्रतिनिधींना, वरील मागण्या लिहून, एक पत्र पाठविले. पेढे वाटणे सोपे होते. पत्र लिहावयास आम्हांला सत्तावीस वर्षे लागली.