सकाळचे हात

गुडघे तर माझे ठणठणीत आहेत, मग संधिवात कसा? रिपोर्ट बघून डॉक्टरांनी ‘रूमॅटॉइड आर्थ्रायटिस’ म्हटल्यावर मी हेच विचारलं. माझं वय बत्तीस. दुखत होती ती बोटांची मुळं आणि मनगटं, दोन्ही हातांची सारखीच. हा झिजेचा आजार नाही, डॉक्टर म्हणाले; आपली प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. रक्तातले आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, दोन्ही वाढलेले होते.

सगळ्यात गोंधळवते ती सकाळ. सहाला मूठ मिटत नाही. ब्लाऊजचे हूक लागत नाहीत, कुकरचं झाकण बसत नाही, कणीक मळणं तर दूरच. कोमट पाण्यात हात बुडवून बसते, तास-दीड तासानं बोटं सुटू लागतात, आणि अकराला मीच भराभर भाजी चिरत असते. सासूबाई बघत राहतात. सकाळची खरी की अकराची, हे त्यांना कळत नाही, आणि त्यात त्यांचा काय दोष? रात्रभर हालचाल नसते आणि सूज असते, म्हणून सांधे आखडतात, एवढं डॉक्टरांकडून कळलं. ते सासूबाईंना समजावलं. आता डब्याची कणीक नवरा मळतो.

गोळीचीही धास्ती होती. मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. कालनिर्णयवर प्रत्येक रविवारी खूण केली आहे. फॉलिक ॲसिड वेगळ्या दिवशी. औषधाच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, ही कॅन्सरचीही गोळी, आणि माझे पाय गळाले. कॅन्सरसाठीचे डोस खूप मोठे असतात, हे नंतर समजलं. ही गोळी घडवण्यात येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता, हे वाचून का कोण जाणे, धीर आला. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. शेजारी दही, टोमॅटो सोडायला सांगतात; डॉक्टरांनी काहीच बंद केलेलं नाही.

आम्हाला दुसरं मूल हवं आहे. ही गोळी गरोदरपणात चालत नाही, काही महिने आधीच थांबवावी लागते. मग तेवढे महिने सांधे कशावर सांभाळायचे? प्रश्न वहीत लिहिलाय. पुढच्या तपासणीला नवराही येणार आहे. उत्तर दोघांनी मिळून ऐकायचं ठरलंय.