उपचारज्ञता

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता आणि रोगी. ह्यांपैकी वैद्याचा आपण सत्कार करतो, औषधाची किंमत मोजतो आणि रोग्यासाठी देवाला नवस बोलतो. राहिला तो उपस्थाता, म्हणजे रोग्याजवळ राहून त्याची शुश्रूषा करणारा. त्याची आठवण आपल्याला रुग्णालयाचा निरोप घेताना होते, आणि तीही पेढ्यांचा पुडा हाती ठेवण्यापुरती. चरकाचार्यांनी मात्र त्याचे चार गुण मोजून दिले आहेत: उपचारज्ञता, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शौच. हा अनुक्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. ज्ञान पहिले आले, माया तिसरी. आपण परिचारिकेची स्तुती करतो ती नेमकी ह्या तिसऱ्या गुणावरून करतो, आणि पहिल्याची चौकशीही करीत नाही.

वडोदऱ्यासारख्या शहरात ही स्थिती असावी ह्याचे नवल वाटते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेलीस केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. महाराणी चिमणाबाईंनी १९११ साली हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. विद्यापीठ आणि वैद्यकीय महाविद्यालय दोन्ही १९४९ ची. इतके सर्व अंगणात असूनही दांडिया बाजार, रावपुरा ह्या भागांतील आपल्या मराठी-कोंकणी घरांतून मुली शिक्षिका झाल्या, डॉक्टर झाल्या, बँकेत गेल्या, माझ्या दुर्दैवी व्यवसायातही शिरल्या. परिचारिका झालेली मुलगी शोधायला मात्र मला फार आठवावे लागले.

हे आठवण्याची वेळ माझ्या भाचीने आणली. बारावीला तिला गुण चांगले मिळाले होते, आणि घरात सर्वांनी तिला औषधनिर्माणशास्त्राकडे ढकलण्याचे ठरविले होते. तिने एके दिवशी शांतपणे सांगितले की, आपल्याला परिचर्येची पदवी घ्यावयाची आहे. माझी अक्का गप्प राहिली. तिच्या वयोवृद्ध सासूबाई तेवढ्या बोलल्या, आणि कोंकणीत बोलल्या: "हें आमगेलें काम न्हंय." आमच्या घरात कोंकणी ही मनाची, मराठी ही पुस्तकाची, गुजराती बाजाराची आणि इंग्रजी कोर्टाची भाषा आहे, तेव्हा हा निवाडा कोणत्या न्यायासनावरून आला हे सर्वांना तत्काळ कळले.

त्या माउलीला दोष देऊन उपयोग नाही. तिने आपल्या बालपणी पाहिले होते ते असे की, बाळंतिणीची सुटका करणारी सुईण मागील दाराने येई, मागील दारानेच जाई, आणि ती गेल्यावर ओटीवर पाणी पडे. ज्या हातांनी घरातला वंशाचा दिवा प्रथम झेलला, तेच हात बारा दिवस विटाळाचे ठरत. चरकाने शौच हा उपस्थात्याचा गुण मानला. आपण त्याच शब्दाची फिरवाफिरव करून त्याला उपस्थात्याच्या विरुद्धचा आरोप केला. रुग्णालयात हात कसे, किती वेळ आणि कोणत्या क्रमाने धुवावेत ह्याचे शास्त्र शिकलेली मुलगी आमच्या सोवळ्याहून कितीतरी कडक सोवळे पाळीत असते.

हा लढा महाराष्ट्रात पूर्वी एकदा लढला गेला आहे. १९०९ साली पुण्यात सेवासदन निघाले. त्याचा भार वाहणाऱ्या रमाबाई रानडे ह्यांनी स्त्रियांना, त्यातही विधवांना, ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास पाठविले, तेव्हा केवढा गहजब झाला असेल ह्याची आज कल्पनाच करावी. न्यायमूर्तींच्या पत्नीने हे धाडस केले, म्हणून ते निभावले असे म्हणणारे म्हणोत. माझ्या मते ते निभावले, कारण त्या बाया काम शिकून परत आल्या.

भावजींची शंका निराळी होती, आणि ती मला सासूबाईंच्या निवाड्यापेक्षा अधिक गंभीर वाटली. ते म्हणाले, "तुम्ही कायद्याचे सांगाल हो, पण रात्रपाळीचे काय?" त्यांनी नाव घेतले नाही, तरी आम्हा दोघांच्या मनात एकच नाव होते. उत्तर कानड्यातील हळदीपूरची अरुणा शानभाग, आपल्याच किनाऱ्याची मुलगी, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथेच एका कर्मचाऱ्याने तिच्यावर अमानुष हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी देह ठेवीपर्यंत ती शुद्ध हरपलेल्या अवस्थेत त्याच रुग्णालयात होती. तिला दयामरण द्यावे की नाही हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा २०११ च्या निकालपत्रात न्यायालयाने तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार तेथील परिचारिकांचा व कर्मचाऱ्यांचा मानला. एवढी वर्षे पिढ्या बदलत गेल्या, तरी एकीने दुसरीच्या हाती सोपवावी तशी ती सोपविली गेली. भावजींच्या भयाला हे उत्तर नव्हे, हे मी जाणतो. भयाचे उत्तर म्हणून मी त्यांना एवढेच सांगितले की, प्रवेश घेण्यापूर्वी वसतिगृह पाहा, रात्रपाळीनंतर मुलींना पोहोचविण्याची व्यवस्था विचारा, आणि २०१३ च्या कायद्यान्वये लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी नेमावयाची अंतर्गत समिती केवळ भिंतीवरच्या फलकावर आहे की खरोखर बसते, ह्याची खात्री करा. ते वही घेऊन गेले आणि सारे विचारून आले.

मी स्वतः भाचीच्या बाजूचा का झालो, त्याचे कारण माझ्या दप्तरात आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरविल्यापासून आम्हा वकिलांना रुग्णालयांची कागदपत्रे वाचावी लागतात. डॉक्टरांची नोंद दिवसातून एकदोनदा, आणि अक्षर असे की ते लिहिणाऱ्यासही पुन्हा लागू नये. परिचारिकेची नोंद मात्र तासातासाची असते: नाडी, श्वास, रक्तदाब, दिलेले औषध, दिल्याची वेळ. एका प्रकरणात रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी रक्तदाब उतरल्याची, डॉक्टरांना कळविल्याची नोंद होती. पुढे दोन पंचवीसला पुन्हा, दोन चाळीसला पुन्हा. तीन ओळी, एकाच अक्षरातल्या. त्या मुलीला रक्तदाब उतरण्याचा अर्थ कळत होता, म्हणून तिने तीनदा कळविले, आणि आपण कळविले हे लिहून ठेवण्याचे महत्त्वही कळत होते. आयोगापुढे माझ्या अशिलाचा सारा दावा त्या तीन ओळींवर उभा राहिला.

ह्याच्या उलटची कथा १९९८ च्या एका प्रसिद्ध निकालात आहे. विषमज्वराच्या उपचारासाठी दाखल झालेल्या एका बालकाला खाजगी रुग्णालयात परिचारिकेने भलतेच औषध शिरेतून टोचले. बालकाचे हृदय थांबले आणि मेंदूला कायमची इजा झाली. चौकशीत निघाले की, ती बाई कोणत्याही राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदलेलीच नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने बालकाला साडेबारा लाख आणि आईबापांना त्यांच्या मनस्तापाबद्दल पाच लाख रुपये भरपाई कायम केली. त्या बाईच्या मनात बालकाविषयी माया नव्हती असे कोण म्हणेल? उणीव होती ती पहिल्या गुणाची.

आता प्रत्यक्ष शिक्षणाविषयी. आपल्या लोकांत 'नर्सिंगचा कोर्स' असे मोघम म्हणण्याची चाल आहे, आणि त्यात तीन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ होते. तीन वर्षांची पदविका ही एक वाट, तिला जी. एन. एम. म्हणतात. दुसरी बी. एस्‌सी. नर्सिंगची पदवी, चार वर्षांची. तिला बारावीस भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात. तिसरी वाट मला सर्वांत न्याय्य वाटते: पदविका घेऊन नोंदणी झालेल्या परिचारिकेने आणखी दोन वर्षे शिकून पदवी मिळविण्याची. परिस्थितीमुळे ज्यांना प्रथम पदविकेवर थांबावे लागले, त्यांच्यावर दार बंद होत नाही. पदवीनंतर एक वर्ष काम केले आणि पदवीस ५५ टक्के गुण असले की एम. एस्‌सी.चा दोन वर्षांचा अभ्यासक्रम खुला होतो. त्यात पाच शाखा आहेत: वैद्यक-शल्यक परिचर्या, सामुदायिक आरोग्य, बालरोग, मानसिक आरोग्य, आणि प्रसूती व स्त्रीरोग. अतिदक्षता विभागासाठी खास तयार केलेला, रुग्णालयात राहून करावयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रमही आता आहे. मुलगेही हे सर्व शिकू शकतात, हे सांगितले म्हणजे समाराधनेच्या पंगतीत अजून हशा पिकतो.

वडोदऱ्यातून वाघोडियाच्या रस्त्याला लागले की पिपरियाला सुमनदीप विद्यापीठ आणि पुढे लिमड्याला पारुल विद्यापीठ लागते; दोन्हीकडे पदवी आणि पदव्युत्तर असे शिक्षण मिळते. आपल्या देशात ही पदवी काही कालची नव्हे. दिल्ली आणि वेल्लोर येथे ती १९४६ साली सुरू झाली, दिल्लीत पदव्युत्तर शिक्षण १९५९ साली, आणि मुंबईस श्रीमती नाथीबाई ठाकरसी विद्यापीठाचे परिचर्या महाविद्यालय १९६४ साली निघाले. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली. तिच्या जागी राष्ट्रीय आयोग आणणारा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला. पालकांनी लक्षात ठेवावयाचे ते एवढेच: विद्यापीठाची मान्यता निराळी आणि परिचर्येच्या नियामक संस्थेची मान्यता निराळी. दोन्ही हव्यात. पदवीनंतर राज्याच्या परिषदेत नोंदणी झाल्याखेरीज ती मुलगी कायद्याच्या दृष्टीने परिचारिका नव्हे. आणखी एक, महाविद्यालयाच्या इमारतीपेक्षा त्याच्या रुग्णालयात किती खाटा भरलेल्या असतात ते पाहावे; रिकाम्या खाटांवर परिचर्या शिकता येत नाही.

वेतनाचा प्रश्न अक्काने विचारला, आणि तेथे मला जरा सावधपणे बोलावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी दिलेल्या आदेशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने शिफारस केली की, दोनशेहून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयात परिचारिकेस सरकारी परिचारिकेइतके वेतन मिळावे, आणि पन्नास खाटांहून लहान रुग्णालयातही ते वीस हजारांहून कमी नसावे. शिफारस चांगली आहे. पण शिफारस आणि कायदा ह्यांत केवढे अंतर असते, ते अशिलांना समजावण्यात माझा अर्धा जन्म गेला. वेतन मागणाऱ्या परिचारिकेला ऐकविले जाते, "ही तर सेवा आहे." देवळात आपण पालखीची सेवा करतो ती आपल्या खुषीने, चार घटका, आणि जेवून घरी जातो. महिन्याला पंचवीस रात्री जागणाऱ्या बाईला तोच शब्द सांगून तिचा पगार कापणे, ह्यात देवाचे नाव फुकट खर्ची पडते.

अशीच एक तरुण परिचारिका दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आली होती. एका खाजगी रुग्णालयाने नोकरीस घेताना तिच्याकडून दोन वर्षांचा करार लिहून घेतला होता आणि पदवीची व नोंदणीची मूळ प्रमाणपत्रे आपल्या कपाटात ठेवून घेतली होती. तिला सासरी सुरतेला जायचे होते, तर लाख रुपये भरा म्हणत होते. करारातून जी काही देणी निघतील ती निघोत. पण ती वसूल करण्यासाठी दुसऱ्याची पदवी तारण ठेवण्याचा अधिकार मालकाला कोणी दिला? मी नोटीस धाडली. बाराव्या दिवशी पाकीट आले. माझ्या टेबलापाशी उभी राहून तिने एकेक कागद बाहेर काढला, नाव तपासले, नोंदणीचा क्रमांक मोठ्याने वाचला, आणि मग माझी फी किती ते विचारले.