गिटारीची दांडी

आमच्या वैरागच्या घरात तंतुवाद्ये दोन. एक वडिलांचा मिरजेचा तानपुरा. तो देवघराशेजारी गवसणी पांघरून असतो. दुसरी आमच्या पुतण्याची विजेवर चालणारी गिटार. तिला घरात हक्काची अशी जागा कधी मिळालीच नाही. या दुसरीविषयी आम्हांस आरंभापासून ममत्व नव्हते, हे कबूल करून टाकलेले बरे. पहिल्याच्या सुरांनी मन निवते आणि दुसरीच्या सुरांनी माळवदाची माती गळते, असे आम्ही चारचौघांत म्हणत असू, आणि ऐकणारे हसले की आम्हांस धन्यता वाटे.

गेल्या उन्हाळ्यात पुतण्याच्या परीक्षेचा निकाल वाईट लागला. बंधूंच्या माघारी त्याच्या शिक्षणाचा भार आमच्यावर. तेव्हा कर्तव्यबुद्धीने म्हणा किंवा अंगच्या तामसीपणाने म्हणा, आम्ही ती गिटार उचलली आणि माळवदावरच्या पत्र्याच्या खोलीत नेऊन टाकली. शिकवण्या करून साठविलेल्या पैशांतून त्याने ती घेतली होती, हे आम्हांस ठाऊक होते. तो काही बोलला नाही. पुण्यास निघून गेला. मे महिन्यातला आमच्याकडील पत्रा म्हणजे काय चीज असते, हे बार्शी-सोलापूरकडच्या वाचकांस सांगणे नको. दिवाळीत तो आला, गिटार खाली आणली, एक डोळा मिटून बंदुकीची नळी पाहावी तशी दांडीवरून नजर टाकली, आणि "असू द्या, काका," एवढेच म्हणून ती पेटीत ठेवून दिली. तो भांडला असता तर आम्ही खचित जिंकलो असतो. 'असू द्या'ला मात्र आम्हांस उत्तर सापडेना.

तो गेल्यावर आम्ही पेटी उघडली व या विषयावर जे जे छापील मिळाले ते वाचून काढले. सहा पोलादी तारा सुरात ताणल्या म्हणजे दांडीवर सुमारे 45 किलोंची ओढ पडते. ती सोसावी म्हणून दांडीच्या पोटात पोलादी सळई घातलेली असते. तिचे टोक फिरविले की पुढे वाकलेली दांडी सरळ होते. परंतु दांडीस पीळ पडला तर ही सळई निरुपयोगी. ताणलेल्या तारांनिशी आमच्या पत्र्याखालची भट्टी सोसून हिला नेमका पीळच पडला होता. अशी दांडी दुरुस्त करावयाची नसते, बदलावयाची असते.

तानपुऱ्याविषयी असला विचार आमच्या मनास शिवलाही नसता. तुणीच्या लाकडाची ती पोकळ दांडी भोपळ्याशी सरसाने एकजीव केलेली. (भोपळा आमच्याच जिल्ह्यातला, पंढरपूरकडचा, मिरजेस जातो आणि तानपुरा होऊन परत येतो.) एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी मिरजेत या कलेचा पाया घातला. 2024 साली मिरजेच्या सतारीस व तानपुऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आम्ही पेढे वाटावयाचे तेवढे बाकी ठेवले होते. गिटारीचा जनक मात्र निराळ्या जातीचा. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावचा लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा. त्यास स्वतःस गिटार वाजविताही येत नसे. 1950 साली त्याने बाजारात आणलेल्या भरीव गिटारीची दांडी चिकटविलेली नव्हती. चार स्क्रूंनी आवळलेली होती. बिघडली, काढली, दुसरी लावली! वाद्य आणि पाण्याचा पंप यांत या गृहस्थाने काही भेदच ठेवला नाही, असे म्हणून आम्ही एरवी नाक मुरडले असते. आता त्याच चार स्क्रूंवर आमची भिस्त होती.

नवी दांडी मागविली आणि गावातील एका वृद्ध सुतारांस बोलाविले. त्यांची हयात तिफणी आणि चौकटी करण्यात गेलेली. आम्ही त्यांस पढविले की, वरच्या अटीपासून बाराव्या पडद्यापर्यंत पावणेतेरा इंच, व तेथून तेवढेच अंतर घोडीपर्यंत भरले पाहिजे. यात चूक झाली तर पडदे खोटे बोलतील. त्यांनी दोनदा मोजले आणि आम्हांस बाजूस बसावयास सांगितले.

दांडीचा बुडखा खोबणीत किंचित अडत होता. हातोडीने ठोकावे, अशी सूचना आम्ही केली.

"ठोकून बसीवली तर पुन्हा निगंल का, गुरुजी?" ते म्हणाले.

पॉलिश पेपर फिरवून त्यांनी केसाएवढे लाकूड काढले आणि दांडी हाताच्या दाबाने बसली. मग कडेच्या दोन तारा हलक्याच चढवून त्या दांडीच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर येतात की नाही ते पाहिले. कारण खोबणीतली सुतभर चूक दुसऱ्या टोकास चांगली बोटभर दिसते. शिकंजाने आवळून धडाच्या भोकांतून दाभणाने खुणा केल्या. गिरमिटाचे टोक पडद्यांच्या बाजूने बाहेर पडू नये म्हणून त्यास मोजून चिकटपट्टी गुंडाळली. शेवटी स्क्रूंना चोळावयास त्यांनी साबण मागितला. ही युक्ती आम्ही वाचलेली होती, परंतु सांगावयाचे विसरलो होतो. साबण तेवढा न्हाणीतून आम्ही आणून दिला.

संक्रांतीस पुतण्या आला. पेटी उघडून त्याने पुन्हा तोच एक डोळा मिटला. आमचा जीव टांगणीस लागला. तिसरी तार बाराव्या पडद्यावर अंमळ चढी बोलते म्हणून त्याने घोडीचा लहानसा स्क्रू फिरवून तिला मागे घेतले. मग यंत्राशी तार जोडावी, तो वीज गेली. वीज नसता हे भरीव लाकूड डासाएवढेच गुणगुणते. ऐकावयाचे म्हणून आम्हांस त्याच्या गुडघ्याशी जाऊन बसावे लागले.

"खोबणी कोणी बसवली, काका?"

"सुतारांनी."

"आणि भोकं?"

"तीही त्यांनीच."

"मग तुम्ही काय केलंत?"

"आम्ही साबण आणला," आम्ही म्हणालो.

मे महिन्यानंतर तो आमच्यासमोर प्रथमच हसला. वीज यावयास रात्रीचे नऊ वाजले. त्याने तार जोडली. माळवदाची माती गळाली की नाही, हे आम्ही वर मान करून पाहिले नाही.